साडेतीनशे ग्रॅम

मल्हारगंजात दिवे गेले
तेव्हा माझी लौंगवाली शेव कागदावर पडायची होती,
उद्याच्या पोह्यांवर भुरभुरायला.
काटा विझला. बिलाचं यंत्र विझलं.
गल्ल्यावरच्या लोकेंद्रने फोन काढला,
तोही दोन टक्क्यांवर धुगधुगत होता, मिटला.

साडेतीनशे ग्रॅम. दोनशे ऐंशी रुपये किलो.
पोरगा ओठांतल्या ओठांत जुळवत राहिला.
आधी अर्ध्या किलोचे केले,
मग त्यातून काय वजा करायचं
तेच कुठेतरी सांडलं.
मागून कुणीतरी म्हणालं, सौ पकड़ ले भिया.

माझ्या तोंडात उत्तर केव्हाचं येऊन बसलं होतं
सुपारीच्या खांडासारखं.
अठ्ठावीस औटे अठ्ठ्याण्णव.
औटकी कुणी शिकवली, आठवत नाही.
कुणी मारलं, ते आठवतं.

अठ्ठ्याण्णव, मी म्हटलं.
लोकेंद्र माझ्याकडे बघतच राहिला.
"आंटी, कौनसा ऐप है?"

झालं. भिशीला सांगायला किस्सा मिळाला.
आमच्याकडे 'हल्लीची मुलं' हे दोन शब्द
चहाच्या आधी येतात,
आणि बिस्किटं येईपर्यंत
सगळी पिढी नापास झालेली असते.
मी तर चौतीस वर्षं मास्तरीण. माझं मत दुप्पट मोजतात.

पण तिथे अंधारात,
उकळत्या तेलाच्या वासात,
कोण जाणे का, तो तक्ता आठवला.
नवं पुस्तक आलं, त्यात औटकी नव्हती.
परीक्षेत नव्हती, म्हणजे नव्हतीच.
मी तक्त्याच्या त्या रकान्यावर खाकी पट्टी चिकटवली
आणि सुटलेल्या तासाला
स्नेहसंमेलनाचे नाच बसवले.
खरं सांगू? हायसं वाटलं होतं.

मग एका वर्षी वरून कागद आला,
आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही.
मुलं मागे राहत होती ती राहिलीच,
फक्त वर्ग पुढे गेले.
मी सह्या केल्या. पेन चांगलं चालत होतं.
शाळेचं आता मॅरेज गार्डन झालंय,
फळा होता तिथे वऱ्हाडासाठी मोठा आरसा.

लोकेंद्र शेव घालत होता. अंदाजाने.
एक मूठ, दुसरी, मग अर्धवट मूठ,
थांबला, कागद तळव्यावर तोलला,
दोन बोटांच्या चिमटीने थोडी परत परातीत टाकली.
दोरा गुंडाळतो तोच दिवे आले.
पुडी काट्यावर ठेवली:
तीनशे बावन्न.
"दो ग्राम आपके," तो म्हणाला, सहज.

मी वजनमापं शिकवली. किलोचे ग्रॅम,
ग्रॅमचे मिलिग्रॅम, शून्यांची रांग फळ्याच्या टोकापर्यंत.
कुणाच्या तळहातावर
एक ग्रॅम ठेवला नाही कधी.

निघणार, तर तो म्हणतो,
"और पौने चार सौ होता तो?"
चिडवत नव्हता. डोळे उघडे ठेवून विचारत होता,
वर्गात असं किती जणांनी विचारलं असेल मला?

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी,
दिडकी, अडीचकी, औटकी.
तिथे माझा जिना संपतो.
पावणेचारची कुठलीच की माझ्या जुडग्यात नाही.

मी पिशवी जरा पुढे घेतली.
पिशवीच्या आड
अंगठा एकेका पेरावर टेकवत मोजू लागले,
चौथीतली तृप्ती सोनवलकर बाकाखाली मोजायची तशी.
मला ते दिसायचंच. मी म्हणायचे,
हात वर.

दिवा डोक्यावर लख्ख होता. रांग खोळंबलेली.
लोकेंद्रला पिशवीआडची बोटं दिसली असणार.
त्याने परातीतली शेव उगाच सारखी केली.
"आराम से, आंटी," म्हणाला,
"आराम से."